खानापूरवर चार ओळी लिहायच्यात?

लिहा की! फक्त पहिल्याच वाक्यात 'खानापूर हे अमुक राज्यातलं गाव' असं लिहायला जाऊ नका. 'मलप्रभेच्या काठचं, तांबड्या मातीचं, कौलांसाठी नाव कमावलेलं तालुक्याचं गाव' एवढ्यावर भागवा. मातीबद्दल अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

इतिहास लिहिताना महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल टाळता येणार नाही. १९६७ साली आयोगानं सांगितलं, बेळगाव कर्नाटकातच राहू दे. निपाणी, नंदगड, खानापूर महाराष्ट्राला द्या. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. कर्नाटक आजही म्हणतं, महाजन अहवाल अंतिम. म्हणजे ज्यांच्या हातून खानापूर जायचं ते अहवाल डोक्यावर घेऊन नाचतात, आणि ज्यांना मिळायचं ते त्याला हात लावत नाहीत! हे उलगडून सांगायच्या भानगडीत पडू नका. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, तिथल्या वकिलांना करू दे.

१ नोव्हेंबरला माहिती गोळा करायला गेलात तर कपडे जपून निवडा. एका गल्लीत लाल-पिवळे झेंडे, कर्नाटकाचा राज्योत्सव. दुसरीत दंडाला काळी फीत, मराठी माणसांचा काळा दिन. १९५६ सालची तीच तारीख, तीच भाषावार प्रांतरचना. मळखाऊ रंगाचा सदरा बरा.

दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढणार असाल तर टेप घेऊन जा. कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या बाजूला. दहा फुटी पाटी असली तर उरलेल्या चार फुटांत मराठी, इंग्रजी, फोन नंबर, गणपती आणि मालकाचे कैलासवासी वडील. आधी कोण आक्रसतं ते ओळखा पाहू.

बाजारात मात्र वही मिटून ठेवा. भाजीवाली मावशी एकाला 'ऐवत्तु' सांगते, त्याच दमात तुम्हाला 'पन्नास, कमी व्हायचं नाही बघा'. ही कुठली भाषा, कुणाची टक्केवारी? असल्या गोष्टींना माहितीपत्रकात रकाना नसतो. सोडून द्या.

शेवटी सरकारी कागद. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर, तिथं सूचना-नियम त्यांच्याही भाषेत काढावेत, असं म्हणे ठरलेलं आहे. ते खिडकीवर बोलून दाखवा. पलीकडून बहुतेक गोड आवाजात 'नाळे बन्नी' येईल. म्हणजे उद्या या. कर्नाटकात एक जुनी युक्ती आहे: रात्री दार वाजवणारं भूत आत येऊ नये म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवत. भूत यायचं, वाचायचं, परत जायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

फरक एवढाच, की भुताला कन्नड वाचता येत होतं.