खुलासा : यवतेश्वरावरचे पट्टेदार ढग आणि भूकंपाची आवई

साताऱ्यात व्हॉट्सॲपवर यवतेश्वराच्या माथ्यावरच्या पट्टेदार ढगांचा फोटो फिरतोय. खाली मजकूर : ‘आकाशात गुरुत्वीय लहरी दिसल्या, कोयनेला भूकंप येणार.’ दोन्ही चूक.

गुरुत्वीय लहरी म्हणजे खुद्द अवकाशात उठणारे तरंग. त्या कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून येतात, ढगांत दिसत नाहीत. फोटोत आहेत त्या साध्या हवेच्या लहरी. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवरून वर ढकलला जातो, स्थिर थरात (जिथे वर ढकललेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गार, जड ठरते) ती हवा खाली येते, पुन्हा उसळते. उंचवट्यावर ढग, खळग्यात मोकळं आभाळ.

खरी गंमत पुढे. पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेचा, पण साधारण ६-७ किलोमीटरच्या वर पूर्वेचा. डोंगराच्या लहरी जागच्या जागी उभ्या असतात. त्यामुळे वारा जिथे शून्यावर येऊन दिशा बदलतो, तिथे त्या अडकतात आणि बहुतेक तिथेच जिरतात. बुकर आणि ब्रेदरटन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हे गणिताने दाखवलं. (कोयनेचा मोठा भूकंपही १९६७ चाच. कृपया यावरून नवा मेसेज नको!) दोन थरांतल्या वाऱ्याचा फरक फारच तीव्र झाला, रिचर्डसन अंक (थरांचं स्थैर्य आणि वाऱ्यातला फरक यांची तुलना करणारा आकडा) ०.२५ च्या खाली उतरला, तर थर गुंडाळून भोवरे होऊ शकतात. त्याचे हादरे विमानाला बसतात, जमिनीखालच्या खडकाला नाही.