प्रतिक्रियेला उत्तर: टॅग आजाराचा नको, राहिलेल्या कामाचा हवा

नमस्कार डॉक्टर,

पेशंटच्या फाइलीला संगणकावर टॅग (खुणेची चिठ्ठी) लावून त्यावरून आठवणीचे मेसेज पाठवावेत, या माझ्या लेखावर नेरुळहून आपण एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. आपल्या मते टॅग म्हणजे पेशंटच्या कपाळावर चिकटवलेली आजाराची चिठ्ठी. ती रिसेप्शनच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसते. तिच्यावरून सुटलेला मेसेज घरातल्या भलत्याच माणसाच्या हातात पडतो. आणि तपासण्यांच्या ‘ऑफर’ पाठवणं आपल्या पेशाला शोभत नाही. शेवटी आपण विचारलंत, २२ वर्षं वहीवर नीट चाललेल्या दवाखान्याला हे हवंच कशाला?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. लेखातल्या तक्त्यात ‘मधुमेह’, ‘थायरॉइड’, ‘गरोदर’ असे टॅग होते आणि मेसेज थेट त्यांनाच जोडलेले होते. ती चूक होती, तक्ता आज बदलला आहे. आजाराचं निदान केसपेपरमध्ये राहावं, डॉक्टरांच्या लॉगिनमध्ये. मेसेज ज्या टॅगवरून सुटतो तो राहिलेल्या कामाचा असावा: ‘रिपोर्ट दाखवणं बाकी’, ‘टाके काढणं बाकी’, ‘रक्ततपासणी बाकी’, ‘पुढचा डोस बाकी’. काउंटरवरून फोन करायला एवढं पुरतं. आजाराचं नाव सांकेतिक अक्षरात किंवा रंगीत ठिपक्यात लपवायचा उपाय काहीजण सुचवतात, पण तो टिकत नाही. ‘डी’ म्हणजे डायबिटीस हे आठवड्याभरात स्टाफला कळतं आणि काउंटरसमोर उभ्या असलेल्या पेशंटलाही.

कामाच्या टॅगला तीन गोष्टी लागतात: तो कुणी लावला, काम कधीपर्यंत व्हायचं आहे, आणि काय झालं की तो निघेल. तिसरी गोष्ट बहुतेक दवाखान्यांत ठरवलेलीच नसते. मग टाके काढून गेलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी ‘टाके काढायला या’ असा मेसेज जातो आणि पुढच्या प्रत्येक मेसेजवरचा त्याचा विश्वास उडतो. टॅग हाताने काढायचा ठेवलात तर संध्याकाळच्या गर्दीत तो राहूनच जाणार. तो बिलातल्या नोंदीला जोडा. ‘टाके काढले’ अशी ओळ बिलात आली की टॅग आपोआप निघायला हवा. तरीही तो निघाला नाही तर एकाच माणसाच्या दोन फाइली आहेत का ते पाहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत लिहिलेलं नाव, बदललेला मोबाइल यांमुळे नवी फाइल उघडते, काम तिथे नोंदलं जातं आणि टॅग जुन्या फाइलीवर तसाच राहतो. पहिलं नाव, जन्मवर्ष आणि मोबाइल यांपैकी दोन गोष्टी जुळणाऱ्या फाइलींची यादी महिन्यातून एकदा काढा आणि केसपेपर समोर ठेवूनच त्या एकत्र करा. घरात एकच मोबाइल असला की जुळ्या मुलांच्या फाइलीही या यादीत येतात, त्यामुळे हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नका.

तारखेचा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत नव्हता, पण खरी गफलत तिथेच होते. सॉफ्टवेअर सरसकट ‘दर ९० दिवसांनी’ असा नियम लावून मोकळं होतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साखर आटोक्यात असलेल्या पेशंटची वर्षातून दोनदा पुरते; नसेल तर दर ३ महिन्यांनी लागते. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी ६ ते ८ आठवड्यांनी बघायची, म्हणजे मोजणी डोस बदलल्या दिवसापासून. बाळाच्या लसींचं तर अगदी ठळक आहे. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या डोसांमध्ये किमान ४ आठवड्यांचं अंतर लागतं. दुसरा डोस लांबून १३व्या आठवड्यात झाला असेल तर तिसरा १७व्या आठवड्याच्या आधी देता येत नाही. जन्मतारखेवरून मोजणारं सॉफ्टवेअर मात्र त्या आईला १४व्या आठवड्यात बोलावतं. म्हणून तारीख शेवटच्या घटनेपासून मोजायची, आणि किती दिवसांनी हे केसपेपर बंद करताना डॉक्टरांनीच टाकायचं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. गणपतीत ठाण्या-नवी मुंबईतली असंख्य घरं कोकणात गेलेली असतात. त्या दिवसांत येणारा फॉलो-अप आठवडाभर अलीकडे घ्या, म्हणजे बीपीच्या गोळ्या बरोबर घेऊनच माणूस गावाला जाईल.

आता भलत्याच हातात पडणारा मेसेज. फाइलीवर मोबाइल नंबर असतो, पण तो कुणाकडे असतो याची नोंद नसते. आईच्या फाइलीवर मुलाचा नंबर, बायकोच्या फाइलीवर नवऱ्याचा. नवीन केसपेपर करताना दोन प्रश्न विचारायचे: ‘हा फोन कुणाच्या हातात असतो?’ आणि ‘निरोप त्यांना दिला तर चालेल का?’ उत्तराचा टॅग लावायचा. ‘चालेल’ नसेल तर मेसेज नाही. मेसेजमध्ये आजार, तपासणी, औषध यांतलं काहीच लिहायचं नाही, कारण लॉक स्क्रीनवर पहिली ओळ कुणालाही वाचता येते. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक उपचार यांच्या फाइलींना स्वयंचलित मेसेज मुळीच नको. यांच्या गोपनीयतेसाठी वेगळ्या कायदेशीर तरतुदी आहेत: गर्भपात कायद्यातलं कलम ५अ, एचआयव्ही व एड्स कायदा २०१७, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. तिथे डॉक्टरांनी स्वतः फोन करावा, तोही पेशंटने सांगितलेल्या वेळी.

मेसेज मराठीत पाठवत असाल तर लांबीचा हिशेब ठाऊक हवा. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, युनिकोडमधल्या मराठीला ७०. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘द्या’ हे एकच अक्षर ४ जागा खातं. ‘उद्या सायं. ६:३० ला भेट ठरली आहे. बदलायची असल्यास फोन करा.’ यात ५८ जागा जातात, दवाखान्याच्या नावाला १२ उरतात. ७०च्या पुढे गेलात की मेसेजचे ६७-६७चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. त्याआधी दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची साइट) दवाखाना, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. मंजूर साच्यात एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी मेसेज वाटेतच अडतो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपवरून ब्रॉडकास्ट करणाऱ्यांसाठी: एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी दवाखान्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज मिळतो. बाकीच्यांपर्यंत तो जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला.

‘ऑफर’बद्दल मी आपल्याच बाजूचा आहे. २००२च्या आचारसंहिता नियमांनुसार डॉक्टरने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रुग्ण मागवणं, म्हणजे स्वतःकडे ओढणं, अनैतिक आहे. २०२३चे नवे नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, म्हणून २००२चेच लागू आहेत. ‘तुमचा रिपोर्ट दाखवायचा राहिला आहे’ हा सुरू असलेल्या उपचाराचा भाग झाला. ‘फुल बॉडी चेकअप ३० टक्के सवलतीत’ हे मागवणं झालं, आणि ते मधुमेहाच्या यादीवरून पाठवणं तर माणसाने उपचारासाठी सांगितलेली गोष्ट विक्रीला लावणं झालं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हाही संमती ठरावीक कामापुरतीच मानतो, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात या कायद्याने बंदच आहे, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या फाइली अशा प्रत्येक यादीतून आधीच वगळाव्यात. डेटा सॉफ्टवेअर कंपनीकडून फुटला तरी जबाबदारी दवाखान्याचीच राहते.

यात व्यवहाराचाही भाग आहे. वेळ बदलली, जागा बदलली, डॉक्टर रजेवर आहेत ही माहिती पेशंटला हवी असते. तिच्यात जाहिरात मिसळली की व्हॉट्सअ‍ॅप तो साचा मार्केटिंगमध्ये टाकतं आणि दर वाढतो. त्याहून वाईट म्हणजे वैतागून पेशंट नंबर ब्लॉक करतो, आणि मग रिपोर्टचा निरोपही एका करड्या टिकवर अडकून पडतो. असे एकेका टिकवर अडकलेले निरोप रोज संध्याकाळी बघून त्या घरी फोन झालाच पाहिजे.

आता वही. आपली वही मला टाकून द्यायची नाही. पण वहीत आलेल्यांची नोंद असते, न आलेल्यांची नसते. १५ दिवसांनी बोलावलेला बीपीचा पेशंट आला नाही, हे वही चाळून त्याच दिवशी कळत नाही. टॅगचं सगळं काम एवढंच आहे: आज कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, याची यादी. ती संगणकाशिवायही होते. ३१ कप्प्यांचा खोका घ्या. पेशंट गेला की नाव, फोन आणि राहिलेलं काम लिहिलेलं कार्ड बोलावलेल्या तारखेच्या कप्प्यात टाका. आला की कार्ड काढा. संध्याकाळी उरलेल्या कार्डांवरचे फोन करा. पुढच्या महिन्यांची कार्डं मागे वेगळ्या गठ्ठ्यात. रोजचे वीस-पंचवीस पेशंट असतील तर हे सॉफ्टवेअरपेक्षा चोख चालतं, फक्त खोक्याला रात्री कुलूप हवं.

पेशंट जास्त असतील तरी पहिला महिना मेसेज बंदच ठेवा. चारच टॅग लावा, रोज सकाळी यादी छापा आणि त्यातली दहा नावं केसपेपरशी ताडून बघा. सलग दोन आठवडे एकही नाव चुकीचं निघालं नाही, तरच त्या एका टॅगला मेसेज जोडा. त्याही आधी ‘थांब’ हा टॅग तयार हवा, बाकी सगळ्यांवर मात करणारा. पेशंट वारला, दुसरीकडे भरती झाला, तक्रार करून गेला, की तो लावायचा. वारलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या पत्नीच्या फोनवर ‘फॉलो-अप चुकला’ असा मेसेज जाणं फार क्रूर आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप पाठवू नका असं म्हणतो तेही याचसाठी.

सॉफ्टवेअरची कंपनी बदलली तर यादीचं काय, हेही आपण विचारलं होतंत. विकत घेण्याआधीच पाच खोट्या पेशंटची नोंद करून ती एक्सेल फाइलीत काढून मागा. टॅग, लावल्याची तारीख, देय तारीख, काढल्याची तारीख आणि संमती कधी व कशासाठी दिली हे वेगवेगळ्या रकान्यांत आलं तर ती यादी आपली. सगळे टॅग एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन, तारखांशिवाय आले, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.