बडीशेपेच्या बशीवरचा वेतन आयोग

सरकारी नोकरांचे पगार ठरवायचे तर न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली आयोग बसतो, वर्ष-दीड वर्ष बैठका चालतात, जाडजूड अहवाल छापतात. हॉटेलातल्या वेटरचा पगार, म्हणजे टीप, ठरवायला मात्र मी एकटा पुरतो. मुदत मिनिटभराची, साधनसामग्री म्हणजे बडीशेपेची बशी आणि चार टूथपिक. ज्याचा पगार ठरवायचा तो शेजारी उभा, पण माझ्याकडे बघत नसतो. न बघण्याचंही तंत्र असतं. पलीकडचं कोरडं ठणठणीत टेबल तो पुन्हा पुसतो, आणि फडका फिरता फिरता बरोबर बशीच्या कोनात येऊन थांबतो.

आयोगाचे इतर सदस्य म्हणजे टेबलावरची बाकीची मंडळी. एक म्हणतो, दहा ठेव. दुसरीला पन्नासही कमी वाटतात, कारण पाकीट तिचं नसतं. तिसरा हमखास म्हणतो, "अरे, पगार मिळतो की त्यांना." सगळ्या कामकाजात तपासण्यासारखं वाक्य हे एवढंच, पण तिथवर कोणी पोचत नाही. त्याआधी बिल वाचावं लागतं.

बिल वाचताना फक्त शेवटचा आकडा बघितला की फसगत झाली. समजा, जेवण १८४० रुपयांचं झालं. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, १८४. झाले २०२४. आता या २०२४ वर केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के जीएसटी, म्हणजे ५०.६० अधिक ५०.६०. एकूण २१२५.२०, पैकी वीस पैसे हॉटेल मोठ्या मनाने सोडतं. सर्व्हिस चार्ज नसता तर हेच बिल १९३२ झालं असतं. म्हणजे १८४ रुपये सेवेचे आणि ९ रुपये २० पैसे त्या सेवेवरच्या कराचे. जीएसटी सरकारात जातो, सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या खात्यात. पण दोन्ही एकाच टायपात एकाखाली एक छापलेले असल्याने बरेच जण दोन्हीला सरकारी मानून नमस्कार करतात, आणि वर बशीत पन्नासची नोट ठेवतात. असा माणूस एकाच जेवणाची टीप दोनदा देऊन बाहेर पडतो आणि गाडीत बसल्यावर पार्किंगच्या वीस रुपयांवरून भांडतो.

खरं तर हा सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्या: बिलात परस्पर घालायचा नाही, दुसऱ्या नावाने उकळायचा नाही, देणार नसाल तर आत येऊ नका असं म्हणायचं नाही, आणि जेवणात मिळवून त्यावर जीएसटी तर अजिबात लावायचा नाही. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २८ मार्च २०२५ ला त्याच न्यायालयाने सूचना योग्य ठरवून हॉटेलवाल्यांच्या संघटनांच्या याचिका दंडासह फेटाळल्या. संघटना अपिलात गेल्या. हे सगळं मॅनेजरला पाठ असतं, फक्त तुम्ही विचारेपर्यंत आठवत नाही.

विचारायचं असेल तर ऑर्डर देण्याआधी विचारावं. मेन्यूकार्डाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात जे लिहिलेलं असतं, ते तेव्हाच वाचावं. जेवणानंतर विचारलंत तर प्रकरण वेटरकडून कॅप्टनकडे, म्हणजे वेटरांच्या मुकादमाकडे, आणि कॅप्टनकडून मॅनेजरकडे जातं, कारण छापलेलं बिल रद्द करायचा अधिकार वेटरच्या लॉगिनला नसतो. त्याला मॅनेजरचा पासवर्ड लागतो, आणि मॅनेजर नेमका तेव्हाच गोडाऊनमध्ये उतरलेला असतो. तिथून परतल्यावर तो हिरमुसल्या चेहऱ्याने विचारतो, "मग स्टाफला काय मिळणार, सर?" वाक्य नीट ऐका. पगार देणारा माणूस पगाराचा प्रश्न जेवणाऱ्याला विचारतोय. तरीही चार्ज काढला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हे साल नाही, फोन नंबरच आहे.

चार्ज नसलेल्या साध्या हॉटेलात प्रश्न सुट्ट्यांचा. बिल ४६५, तुम्ही पाचशेची नोट दिलीत, पस्तीस परत यायचे. नवखा वेटर एक वीसची, एक दहाची नोट आणि पाचचं नाणं आणतो. तुम्ही तिन्हीकडे बघता, नोटा उचलता, नाणं राहतं. मुरलेला वेटर गल्ल्यावरून तीन दहाच्या नोटा आणि पाचचं नाणं मागून आणतो. आता नुसतं नाणं सोडलं तर तुमचं तुम्हालाच बरं वाटत नाही, म्हणून एक दहाची नोट त्याला सोबत म्हणून राहते. नोटा बडीशेपेखाली अर्ध्या झाकलेल्या असतात, त्यामुळे उचलताना बोटांना साखर लागते आणि मनाला लाज. वीसची नोट फोडून आणण्यात पाचाचे पंधरा करणारा हा माणूस अर्थखात्यात असायला हवा होता.

क्यूआर कोडने ही कला मारली. टेबलावरचा कोड मालकाच्या खात्याचा. तुम्ही ४६५ ऐवजी मोठ्या मनाने ५०० पाठवलेत, की स्पीकर 'पाचशे रुपये प्राप्त' असं ओरडतो आणि पस्तीस रुपये रात्रीच्या हिशेबात 'जादा' म्हणून निघतात. काही गल्लेवाले ते लगेच रोख काढून वेटरच्या हातावर ठेवतात. काही ठिकाणी ते महिनाअखेरीपर्यंत जादाच राहतात आणि मग कुठे जातात, ते जादा विचारायचं नसतं. म्हणून टीप मोबाइलने द्यायची असेल तर आधी थेट वेटरलाच विचारावं, "यात टाकली तर तुम्हाला मिळते का?" तो तोंडाने काही सांगणार नाही, पण गल्ल्याकडे एकदा बघेल. तेवढं उत्तर पुरतं. खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवणं हा त्यावरचा एकमेव इलाज.

नोट बशीतून उचलली म्हणजे ती उचलणाऱ्याचीच झाली असंही नाही. बऱ्याच हॉटेलांत टिपेचा डबा असतो आणि रात्री शटर अर्धं ओढल्यावर पॉइंटांनी वाटप होतं. डब्यात २१०० निघाले. कॅप्टन एक, त्याचे तीन पॉइंट. वेटर चार, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. पाणी देणारे आणि टेबल पुसणारे पोरगे तीन, प्रत्येकी एक. एकूण चौदा पॉइंट, पॉइंटला दीडशे. कॅप्टनला ४५०, वेटरला ३००, पोराला १५०. तुम्ही ज्या कोथिंबीरवडीवर खूश होऊन टीप ठेवलीत, ती तळणाऱ्याचे पॉइंट शून्य. मोरीवर ताटं घासणाऱ्याचे शून्य. ते दिसत नाहीत, आणि माझा आयोग फक्त दिसणाऱ्यांचे पगार ठरवतो.

जिथे डबा नसतो तिथे टेबलं वाटून दिलेली असतात, आणि ते वाटप कॅप्टनच्या हातात. एसी हॉलमधली सहा जणांची कुटुंबाची टेबलं लाडक्याला, बेसिनशेजारची दोन टेबलं नव्याला. बेसिनशेजारी एकटाच माणूस बसतो, मिसळ खातो, पेपर वाचतो आणि सुट्टे मोजून देतो. मालवणी खानावळीत तर पंचांगच आडवं येतं. श्रावण लागला की सुरमईचं ताट मागणारे गायब, पाठोपाठ पितृपक्ष, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार. गिऱ्हाईक उपास करतं, वेटरच्या खोलीचं भाडं करत नाही.

आता त्या तिसऱ्या सदस्याचं वाक्य. पगार मिळतो का? कायद्याने मिळायलाच हवा. हॉटेल उद्योगाला राज्याचं किमान वेतन लागू आहे. त्यात मूळ वेतन असतं आणि महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलणारा विशेष भत्ता. टीप मोजून पगार कापायची सोय आपल्या कायद्यात नाही. टिपा म्हणजे पगार नव्हे, हे जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच सांगितलं. पुढे २०१६ मध्ये आयटीसी या हॉटेलवाल्या कंपनीच्या खटल्यात प्रश्न आला की कार्डावरून आलेली टीप हॉटेलने वाटली तर त्यावर पगारासारखा टीडीएस कापायचा का. न्यायालय म्हणालं, नाही, मालक-नोकर नात्यातून ती येतच नाही, ते 'इतर स्रोतांतून मिळालेलं उत्पन्न'. तो इतर स्रोत म्हणजे मी.

पण किमान म्हणजे जगण्यापुरतं का? राज्यघटनेचा ४३वा अनुच्छेद किमान वेतनावर थांबत नाही, निर्वाह वेतन म्हणतो, सभ्य जीवनमान म्हणतो. आणि किमानाचंही गणित १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिलंय. कमावता एक, खाणारे तीन 'घटक': नवरा एक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. (स्वयंपाक करणारी ०.८ आणि खाणारा पूर्ण एक, हा हिशेब कोणत्या घरात मंजूर झाला ते कळत नाही.) प्रत्येक घटकाला रोजच्या २७०० कॅलरी. चार जणांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. आमच्या हिशेबात बरोबर आठ नऊवारी, मग बाकीच्या तिघांनी काय नेसायचं ते त्यांनी बघावं. वर घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला वीस टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. त्यासाठी आणखी पंचवीस टक्के धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. हे सगळं शास्त्र फायलीत आहे आणि बशीपाशी मी दहा की वीस यावर अडकलोय.

अमेरिकेत याहून भारी. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिपेवरच्या वेटरला मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात. किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट, मधले ५ डॉलर १२ सेंट गिऱ्हाइकाने भरून काढायचे. कमी पडले तर मालकाने, असं कायद्यात आहे. हे २ डॉलर १३ सेंट १९९१ पासून तसेच आहेत, म्हणजे मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला तेव्हापासून. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत ही सूट नाही. बाकीच्या राज्यांत मात्र इकडून गेलेले काका-काकू वीस टक्के टिपेचं रुपयांत रूपांतर करून गार पडतात, तेव्हा मुलगा दात-ओठ खात म्हणतो, "बाबा, इथे तोच पगार असतो." बाबांचं म्हणणं, मग मालक कशाला आहे? उत्तर मुलाकडेही नसतं.

यातून सुटायचा प्रयत्नही होऊन गेलाय. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टीप काढून टाकायला सुरुवात केली आणि पदार्थांचे दर वाढवले. तिथल्या राज्यात स्वयंपाकघराला टिपेत वाटा देता येत नाही, वाढलेल्या दरांतून पगार मात्र देता येतो, त्यामुळे आचारी खूश. पण शुक्रवार-शनिवारच्या गर्दीत भरघोस टीप मिळवणारे वेटर शेजारच्या टीपवाल्या हॉटेलात निघून गेले, आणि दर वाढलेलं मेन्यूकार्ड बघून गिऱ्हाइकाला ते महाग वाटलं; शेजारी टीप धरून तेवढेच पैसे जातात हे कोण मोजतो? २०२० मध्ये टीप परत आली.

आपल्याकडे मांडून बघा. हॉटेलात बारा माणसं, मोरीवाल्यासकट. प्रत्येकाला महिन्याला पाच हजार जास्त, म्हणजे साठ हजार. दिवसाला चारशे गिऱ्हाइकं, महिन्याला बारा हजार. माणशी पाच रुपये. पीएफ वगैरे धरून सहा म्हणा. साठचा डोसा सहासष्टला. आता हा सहासष्टचा डोसा पहिल्यांदा मेन्यूकार्डावर दिसेल त्या सकाळची कल्पना करा. रोज बशीत हसतमुखाने दहा ठेवणारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून गल्ल्यावर जातील आणि विचारतील, "का हो, उडीद डाळ वाढली का?" दहा रुपये देताना ते दाते होते, सहा रुपये देताना नुसते गिऱ्हाईक.

तोवर माझा आयोग चालू. सर्व्हिस चार्ज भरला असेल तर बशीत काही नाही. भरला नसेल आणि कोणी मन लावून वाढलं असेल तर पाच ते दहा टक्के, रोख, शक्यतो हातात. पार्सलवर टीप नाही. पार्सलच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसला, तर मात्र सांबाराच्या पिशवीला रबरबँड किती वेळा गुंडाळलंय ते मोजून घ्या, आणि मग १९१५ लावा.