जड आहे म्हणून माल जागेवर राहत नाही

ट्रकचालक-मालकांमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट पाट्याच्या ट्रकवर, चढवलेला जड माल आपल्या वजनानेच बसून राहतो, पट्टे-साखळ्यांची गरज हलक्या मालाला. तरी बांधायचंच असेल तर पाच टनी दोन पट्टे वरून टाका, दहा टनांची सोय झाली. पुढे हेडबोर्ड, म्हणजे केबिन आणि माल यांच्यामधली उभी भिंत, आहेच. गाडी बेताने चालवा, आणि एकदा आवळलेली बांधणी पुन्हा तपासत बसू नका, त्यात वेळ जातो. शेवटी एक सल्ला असा की माल पाट्यावर मधोमध आणि जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा.

हा शेवटचा सल्ला बरोबर आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘वजनच धरून ठेवतं’

हे पटतं, कारण जमिनीवर उभं असलेलं वीस टनांचं यंत्र आपण ढकलून हलत नाही. पण ट्रकवर त्याला कोणी ढकलत नसतं. ट्रक थांबतो, माल मात्र आधीच्या वेगानेच पुढे जाऊ पाहतो. त्याला अडवतं ते पाट्याशी होणारं घर्षण. वजन वाढलं की घर्षण वाढतं हे खरंच, पण पुढे नेणारं बलही नेमकं तेवढ्याच पटीत वाढतं. म्हणजे वजन हिशेबाच्या दोन्ही बाजूंना येतं आणि कटून जातं. एकाच पाट्यावर, एकाच प्रकारच्या तळाच्या दोन पेट्या ठेवल्या, एक टनाची आणि वीस टनांची, तर दोन्ही एकाच ब्रेकला सरकू लागतील. बसमध्ये उभा असलेला जाडजूड माणूस आणि काडीपैलवान दोघेही एकाच ब्रेकला पुढे जातात, तसंच. फरक इतकाच की सुटलेली एक टनाची पेटी कशाने तरी अडेल, वीस टनांची अडणार नाही.

आता आकडे. घर्षणाचा गुणांक म्हणजे वजनाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा. लोखंडावर लोखंड असेल तर तो साधारण ०.२ धरतात. मध्ये तेल, पाणी किंवा बर्फ आलं की तो ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. युरोपच्या ईएन १२१९५-१ या मानकात बांधणीचा हिशेब पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट बल धरून करतात. अमेरिकेच्या संघीय नियमांतही पुढे ०.८ आणि बाजूंना व मागे ०.५ हेच आकडे आहेत. वीस टनांच्या यंत्राला हे लावा: पुढे १६ टनांइतकं बल, त्यातलं घर्षण सांभाळणार ४ टन. उरलेल्या १२ टनांना दुसऱ्या कशाने तरी अडवावं लागणार, आणि वजन तर आपण आधीच खर्ची घातलंय.

हा हिशेब सपाट रस्त्याचा झाला. खड्ड्यांवरून जाताना पाटा खाली जातो तेव्हा क्षणभर माल हलका होतो, घर्षण तेवढ्यापुरतं घटतं. असे हजार धक्के बसले की ब्रेक न लावताही माल बोटबोटभर सरकत राहतो.

‘पाच टनी दोन पट्टे म्हणजे दहा टन’

सगळ्या संदेशात मला सर्वांत धोकादायक वाटतो तो हा मुद्दा, कारण यात बांधल्याचं समाधान मिळतं.

५० मिलिमीटर रुंदीच्या रॅचेट पट्ट्याच्या (दांडा मागेपुढे करून आवळायच्या पट्ट्याच्या) लेबलवर दोन वेगळे आकडे असतात. एलसी म्हणजे पट्टा किती ओढ सहन करेल. हा आकडा सरळ ओढीत बहुधा २,५०० डेकान्यूटन आणि मालाभोवती गुंडाळून वापरला तर ५,००० असतो. एक डेकान्यूटन म्हणजे जवळजवळ एक किलोचं वजन. ‘पाच टनी’ हे नाव तिथून आलं. दुसरा आकडा एसटीएफ, म्हणजे हाताने रॅचेट आवळल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष निर्माण होणारा ताण. तो साधारण ३०० ते ५०० डेकान्यूटन, आणि ५०० हा बहुतेक लांब दांड्याच्या रॅचेटला.

पट्टा मालावरून पलीकडे टाकून आवळला की तो मालाला पुढे-मागे धरत नाही, फक्त खाली दाबतो आणि त्या दाबाने घर्षण वाढवतो. तिथे कामाचा आकडा एसटीएफ, एलसी नव्हे. दहा टनांचा माल घेऊ, लोखंडावर लोखंड. पुढे ८ टनांचं बल, घर्षण २ टनांचं, तूट ६ टनांची. गुणांक ०.२ असताना ६ टनांचं जादा घर्षण हवं तर ३० टनांनी दाबावं लागेल. ५०० एसटीएफचा पट्टा, दोन्ही बाजू अगदी उभ्या असल्या तरी, जेमतेम एक टन दाबतो. म्हणजे तीस पट्टे, तेही सुरक्षिततेसाठीची जादा तरतूद न धरता. पट्टा पाट्याशी ३० अंशांचा तिरपा कोन करत असेल तर दाब निम्मा होतो. शिवाय रॅचेट एका बाजूला असतो, कडांवरून घासत पलीकडे पोहोचताना ताण आणखी कमी होतो. संदेश म्हणतो दोन.

आता त्याच मालाखाली घसरणरोधक रबरी पट्ट्या टाका. गुणांक ०.६ च्या आसपास येतो. तूट उरते २ टनांची, लागणारा दाब सव्वातीन टनांच्या थोडा वर, आणि चार पट्ट्यांत काम होतं. जादा तरतूद धरली तर पाच. तीस पट्ट्यांचं काम चार-पाचांवर आणणारी ही वस्तू अजून इतक्या थोड्या गाड्यांवर का दिसते, हे मला खरोखर कळत नाही.

यंत्रासारख्या मालाला तर वरून दाबण्यापेक्षा चारही कोपऱ्यांतून तिरप्या साखळ्यांनी थेट बांधावं. तिथे साखळी मालाला त्या त्या दिशेत धरते, म्हणून तिची एलसी कामाला येते, कोनाप्रमाणे थोडी घटून. ग्रेड ८० ची १० मिलिमीटरची साखळी ६,३०० डेकान्यूटनची असते. अमेरिकेत १०,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टन आणि त्याहून जड यंत्रांना किमान चार बांधण्या सक्तीच्या आहेत, आणि बकेट, बूम (यंत्राचा उचलणारा हात) वगैरे खाली टेकवून तेही बांधावे लागतात. ‘गिअरमध्ये टाकलंय, हँडब्रेक लावलाय’ एवढ्याने भागत नाही. टायरवरची यंत्रं तर उसळतात आणि उसळी खाली आली की साखळी ढिली पडते.

एक गोष्ट जाता जाता: पट्टा आखूड पडला म्हणून गाठ मारू नका. गाठीपाशी त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते.

‘पुढे हेडबोर्ड आहेच’

आहे, पण किती ताकदीचं? युरोपच्या ईएन १२६४२ मानकातल्या ‘एल’ वर्गाच्या बॉडीत हेडबोर्डने मालाच्या वजनाच्या ०.४ पट बल सोसायचं असतं, आणि त्यालाही ५,००० डेकान्यूटनची कमाल मर्यादा आहे. हे सुद्धा माल त्याला चिकटून असेल तरच. मध्ये एक मीटर मोकळी जागा ठेवली, ट्रकला ६ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने ब्रेक लागला आणि घर्षण ०.२ असलं, तर दहा टनांचा माल ताशी सुमारे १० किलोमीटर वेगाने हेडबोर्डवर आदळतो. हेडबोर्डच्या पलीकडे लगेच केबिन आहे. मोकळी जागा ठेवायचीच नाही. धुरांवरच्या भारामुळे ती ठेवणं भाग असेल तर लाकडी ठोकळे ठोकून भरायची.

‘बेताने चालवलं की झालं’

बेताने चालवावंच. पण ताशी ३० वर करकचून लावलेल्या ब्रेकचा झटका ताशी ८० इतकाच जोरदार असतो, तो फक्त कमी वेळ टिकतो. माल सुटायला तेवढा वेळ पुरतो. वळणांचंही तेच: ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० ला बाजूचं बल वजनाच्या पाव पट होतं, आणि ०.२ घर्षणाचा माल त्याच्या आधीच सरकतो. शिवाय समोर अचानक कोण आडवं येईल हे चालकाच्या बेतावर नसतं.

‘एकदा आवळलं की पुन्हा बघू नका’

माल बसतो, खालची लाकडं दबतात, पट्टा थोडा ताणतो, आणि निघताना घट्ट असलेली बांधणी तासाभरात सैल होते. अमेरिकी नियमात पहिली तपासणी निघाल्यापासून ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत करायची असते. पुढे दर १५० मैल किंवा तीन तास, जे आधी होईल तेव्हा. पाइपांच्या थप्पीत हे जास्तच पाहावं. वरचा पट्टा बाहेरच्या पाइपांना आवळतो, आतले एकमेकांवर नुसते टेकलेले असतात आणि ब्रेकला भाल्यासारखे सुटून निघू शकतात.

उतरवतानाही आधी मालाभोवती एक फेरी मारा. वाटेत माल कलून पट्ट्यावर रेलला असेल, तर रॅचेट उघडताक्षणी तो उघडणाऱ्याच्याच अंगावर येतो. अशा वेळी क्रेनने किंवा फोर्कलिफ्टने मालाला आधार द्यायचा, आणि मगच पट्टा सोडायचा.