ओके दाबणारा गडी

फोर्टातल्या ऑफिसात बसून दिवसाला चारशे वेळा 'ओके' दाबून तर्जनी झिजली असेल, तर तिला आता कटिंगच्या ग्लासाला लावा. क्लिक मारायला ऑटोहॉटकी नावाचा फुकटचा गडी आहे. 2003 पासून विंडोजवर हमाली करतोय. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यातला तसलाच गडी, पायऑटोगुई, घ्या. येत नसेल तरी घ्या, भाच्याला येतं.

बटण शोधण्याच्या भानगडीत गड्याला पाडू नका. सरळ आकडे द्या: आडवं 840, उभं 612. स्क्रीनचा डावा वरचा कोपरा शून्य-शून्य, तिथून मोजायचं. आपण पत्ता असाच तर सांगतो, 'वडापावच्या गाडीपासून तिसरं दार'. गाडी हलली तर काय, ही शंका भित्र्यांची. कुणी डिस्प्लेचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या सगळ्याचा आकार, 100 वरून 125 टक्के केलं की गडी त्याच जागी जे सापडेल ते निष्ठेनं दाबेल. 'डिलीट' असेल तर डिलीट. 'नक्की ना?' असं विचारलं तर एंटरही तोच मारेल, शिकवलंय कुणी?

मध्ये थांबायलाही सांगू नका. पायऑटोगुई स्वतःहून दर कृतीनंतर 0.1 सेकंद दम खातो, तोही शून्यावर आणा. सर्व्हर संथ असणं हे सर्व्हरचं दुखणं. फार तर खिडकी उघडायच्या आत टायपिंग सुरू होईल आणि मजकूर समोर असेल त्यात पडेल. माझ्या समोर साहेबांची चॅट होती. त्यांना सव्वीस पुरवठादारांचे जीएसटी क्रमांक ओळीनं गेले. 'बरा आहेस ना?' असं त्यांनी काळजीनं विचारलं, त्यावर सत्ताविसावा गेला.

पॉइंटर कोपऱ्यात नेला की पायऑटोगुई थांबतो. ही सोय आधी बंद करा. पळत्या पॉइंटरशी दोन्ही हातांनी कुस्ती खेळण्यातला व्यायाम हल्ली कुठं मिळतो?

एवढं जमलं की तुम्ही मोकळे. फक्त कॉम्प्युटर लॉक करून उठू नका, लॉक झाला की क्लिक पोचत नाहीत. दुसऱ्या खिडकीत डोकावू नका, माऊसला हात लावू नका. हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसा, सीएसएमटीवरून नेहमीची बदलापूर गेली तरी. कटिंग जागेवरच मागवा, आणि ग्लास माऊसपासून लांब ठेवा.