रिचमंडच्या म्युझियमने इतिहास पुसला म्हणे! एका फॉरवर्डचा समाचार

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी भलामोठा फॉरवर्ड टाकला. हा मजकूर इंग्रजीत कितीतरी वर्षं फिरतोय, आता कुणीतरी त्याचं मराठी करून खाली "शाळेत हे शिकवणार नाहीत, पुढे पाठवा" असं चिकटवलंय. थोडक्यात म्हणणं असं: अमेरिकेचं यादवी युद्ध (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध देशातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) गुलामगिरीवरून झालंच नाही, ते टॅक्स आणि राज्यांच्या हक्कांवरून झालं, दक्षिणेत जेमतेम पाच टक्के लोकांकडे गुलाम होते, हजारो काळे सैनिक दक्षिणेकडून लढले, लिंकनला गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, आणि आता रिचमंडच्या सरकारी म्युझियमने हा सगळा खरा इतिहास झेंड्यांसकट कचऱ्यात टाकला. शेवटी "आपल्याला काय करायचंय म्हणा, पण धडा घ्या" वगैरे.

मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडपासून गाडीने दोन तासांवर राहतो. घरी भारतातून पाहुणे आले की आधी वॉशिंग्टन आणि मग कुणाला रस असेल तर रिचमंड असा ठरलेला दौरा असतो, त्यामुळे हे म्युझियम तीनदा बघून झालंय. ग्रुपवर पाच ओळींत उत्तर देता येईना म्हणून इथे लिहितोय. काका, रागावू नका, तुमच्यावर राग नाही, फॉरवर्डवर आहे.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. हे म्युझियम, म्हणजे अमेरिकन सिव्हिल वॉर म्युझियम, सरकारी नाही. ती खासगी, ना-नफा संस्था आहे, तिकिटं आणि देणग्यांवर चालते. आणि गंमत बघा, ज्यांच्यावर "दक्षिणेचा इतिहास पुसला" असा आरोप आहे त्यांची मुळं शोधत गेलं तर कुठे पोचतो? १८९६ साली रिचमंडमधल्या बायकांच्या एका मंडळाने, दक्षिणेच्या अभिमान्यांच्या घरातल्याच बायका त्या, जेफरसन डेव्हिसच्या युद्धकाळातल्या बंगल्यात कॉन्फेडरेट म्युझियम उघडलं. डेव्हिस म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, राष्ट्राध्यक्ष, आणि रिचमंड ही त्यांची राजधानी. या बायकांनी घराघरातून गणवेश, तलवारी, पत्रं, झेंडे गोळा केले, एकेका राज्याला एकेक खोली दिली. तिथेच पुढे म्युझियम ऑफ द कॉन्फेडरसी झालं, आणि २०१३ मध्ये ते नदीकाठच्या ट्रेडेगार कारखान्यातल्या दुसऱ्या, २००६ साली उघडलेल्या केंद्रात विलीन झालं. त्या दुसऱ्या केंद्राची कल्पना अशी होती की युद्ध उत्तरेच्या, दक्षिणेच्या आणि काळ्या लोकांच्या अशा तिन्ही नजरांनी सांगायचं. २०१९ च्या मे महिन्यात नवी इमारत उघडली. म्हणजे डेव्हिसच्या बंगल्यातला तो सगळा संग्रह आज याच म्युझियमकडे आहे, युद्धातले पाचशेच्या वर झेंडे धरून. व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली तेव्हा त्याच्या कमरेला असलेली तलवारसुद्धा यांच्याच संग्रहातली. कचऱ्यात टाकलं म्हणे!

लोकांचा गोंधळ कुठे होतो ते मला कळतं. २०२० आणि २०२१ मध्ये रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवरचे पुतळे उतरवले गेले, लीचा सगळ्यात मोठा होता तो ८ सप्टेंबर २०२१ ला उतरवला. तो निर्णय शहराचा आणि राज्याचा. डेव्हिसचा पुतळा आंदोलकांनीच पाडला, आणि तो तर उलट दुसऱ्या एका म्युझियमने आडवा ठेवून, आंदोलकांनी फासलेल्या रंगासकट दाखवला. पुतळा वेगळा, म्युझियम वेगळं. पुतळा तुम्हाला म्हणतो मान वर कर, म्युझियममध्ये तुम्ही काचेवर नाक टेकवून वाचता.

आता मुख्य मुद्दा, युद्ध कशावरून. इथे माझं म्हणणं एवढंच आहे की आपण आज वाद घालायची गरजच नाही, कारण फुटून निघणाऱ्यांनी कारण स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, छापून वाटलंय. मिसिसिपी राज्याचा जानेवारी १८६१ चा जाहीरनामा काढा. सुरुवातीलाच म्हणतात, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, आणि ती जगातला सर्वात मोठा आर्थिक हितसंबंध आहे. यात कुठे आडपडदा आहे सांगा. त्यांचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात भर सभेत म्हणाला की आमच्या नव्या सरकारची कोनशिला हे 'सत्य' आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे. कोनशिला हा शब्द त्याचाच, मी घातलेला नाही.

"राज्यांचे हक्क" वाल्यांसाठी तर साउथ कॅरोलिनाचा डिसेंबर १८६० चा जाहीरनामा म्हणजे मेजवानी आहे. हे पहिलं फुटलेलं राज्य. त्यांची तक्रार काय? उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम पकडून परत देत नाहीत, आणि न्यूयॉर्कमध्ये तर आम्हाला गुलाम बरोबर घेऊन नुसतं जाताही येत नाही. म्हणजे न्यूयॉर्कने स्वतःच्या हद्दीत स्वतःचा कायदा केला ही यांची तक्रार! राज्यांचे हक्क यांना नको होते हो, दुसऱ्याच्या राज्यात आपला हक्क हवा होता. आणि पुढे यांनी स्वतःची राज्यघटना केली तेव्हा तिच्यात चक्क लिहिलं की काळ्या गुलामांवरच्या मालकीला बाधा आणणारा कायदा काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, करता येणार नाही. मग राज्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे ही भाषा कुठे गेली?

टॅक्सचा मुद्दा तारखांतच पडतो. १८५७ चा आयात कर कित्येक वर्षांतला सगळ्यात कमी होता आणि दक्षिणेच्याच पाठिंब्याने झालेला. ज्या वाढीव कराचं नाव घेतात त्या मॉरिल टॅरिफवर सही झाली २ मार्च १८६१ ला, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली होती. किंबहुना त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणून तो पास होणं सोपं झालं. घर सोडून गेल्यावर भाडं वाढलं आणि मग सांगायचं भाड्यामुळे घर सोडलं, असला प्रकार.

पाच टक्क्यांचं गणित मला फार आवडतं कारण ते आपल्याकडच्या कुणालाही झटकन कळेल. १८६० च्या जनगणनेत गुलाम ज्याच्या नावावर त्या एकट्या माणसाची नोंद व्हायची, बायको-पोरं-म्हातारे आईबाप यांची नाही. आता समजा तुमच्या गावात सातबारा फक्त बापाच्या नावावर आहे, घरात सात माणसं, सगळी त्याच शेतावर जगतात, आणि कुणी येऊन म्हणालं की गावात शेती फक्त अमुक टक्के लोकांकडे आहे, बाकीच्यांचा शेतीशी संबंध नाही, तर तुम्ही काय म्हणाल? कुटुंबं मोजली की फुटून निघालेल्या ११ राज्यांत साधारण दर तीन कुटुंबांत एकाकडे गुलाम होते, आणि मिसिसिपी, साउथ कॅरोलिनात तर जवळपास निम्म्या कुटुंबांकडे. सगळ्या देशात मिळून गुलाम होते जवळजवळ ४० लाख. आणि ज्यांच्या मालकीचे नव्हते तेही गुलाम भाड्याने घ्यायचे, वर्षाच्या कराराने.

यासाठी कुठे लांब जायला नको, म्युझियम ज्या जागेत उभं आहे तीच बघा. जेम्स नदीच्या काठावर जुन्या लाल विटांच्या पडक्या भिंती आणि त्यांना समोरून कवेत घेतलेली नवी काचेची इमारत, बाहेरून काच बघताना मला आधी मॉल वाटला होता खरं सांगतो, पण आत गेलं की त्या काचेच्या आत जुन्या विटा येतात आणि मग कळतं. हा ट्रेडेगार लोखंड कारखाना. युद्धात दक्षिणेच्या हजारावर तोफा इथे ओतल्या गेल्या. १८४७ मध्ये कारखाना चालवणाऱ्या जोसेफ अँडरसनने गुलामांना कौशल्याच्या कामावर घेतलं तर गोऱ्या कामगारांनी संप केला, त्याने संपकऱ्यांना काढलं आणि भट्टीवर गुलाम लावले. म्हणजे हे फक्त कापसाच्या मळ्यातलं प्रकरण नव्हतं, कारखानदारी यावर चालत होती. आणि तिथून थोड्या अंतरावर शॉको बॉटम, दक्षिणेतल्या सगळ्यात मोठ्या गुलाम बाजारांपैकी एक. एवढं सगळं एका गावात असताना "गुलामगिरीचा संबंध नाही" म्हणायला मोठं धाडस लागतं.

काळ्या सैनिकांचं आता. या फॉरवर्डबरोबर नेहमी एक फोटो असतो, दोन तरुण शेजारी बसलेत, एक गोरा एक काळा, दोघांच्या अंगावर गणवेश, हातात हत्यारं. खाली "बघा, खांद्याला खांदा". तो गोरा मुलगा अँड्र्यू चँडलर, मिसिसिपीच्या ४४व्या पायदळ पलटणीतला. काळा तरुण सायलस चँडलर. आडनाव एकच का? कारण सायलस त्या चँडलर कुटुंबाच्या मालकीचा होता. घरच्यांनी पोराबरोबर त्याची सेवा करायला धाडलेला गडी, तोही पगारी नव्हे. सैन्याच्या हजेरीपटावरचा शिपाई नाही. हत्यारं म्हणाल तर त्या काळी स्टुडिओत फोटोपुरती हातात द्यायची पद्धत होतीच. हा फोटो आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. असे हजारो लोक होते हे मात्र खरं, स्वयंपाकी, गाडीवान, खंदक खणणारे, नोकर. बरोबर नेले होते, विचारून नव्हे.

सैनिक म्हणून काळ्यांना घ्यायचा कायदा कॉन्फेडरसीने केला कधी? १३ मार्च १८६५. रिचमंड पडलं ३ एप्रिलला. तीन आठवडे! आणि त्याआधी यावर इतकी भांडणं झाली की त्यांचाच एक जनरल, जॉर्जियाचा हॉवेल कॉब, जानेवारीत लिहितो की गुलाम जर चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीबद्दलचा आपला सगळा सिद्धांतच चुकीचा आहे. आधीच हजारो लढत असते तर हा माणूस असं कशाला लिहील? दुसऱ्या बाजूला उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते, आणि ३ एप्रिलला रिचमंडमध्ये शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत तेही होते.

लिंकनच्या बाबतीत मात्र फॉरवर्ड अर्धा खरा आहे, ते मान्य करायला हवं. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याने होरेस ग्रीली या संपादकाला जाहीर पत्र लिहिलं की एकही गुलाम मुक्त न करता देश वाचवता आला तर मी तसं करीन. हे वाक्य खरंच आहे. फक्त पुढचं वाक्य कुणी पाठवत नाही, की सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसंही करीन. आणि हेही कुणी सांगत नाही की पत्र लिहिलं त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने आपल्या मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. त्याचा परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाला आत्ता नको, एखादा विजय मिळू द्या नाहीतर घाबरून केल्यासारखं दिसेल. म्हणून मसुदा खिशात ठेवून लिंकन ग्रीलीला पत्र लिहीत होता. राजकारणी होता हो, संत नव्हता. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामासुद्धा फक्त बंडखोर भागांना लागू होता, केंटकीसारख्या उत्तरेबरोबर राहिलेल्या गुलामी राज्यांना नाही. पूर्ण बंदी आली १३ व्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५ मध्ये. पण उत्तरेची राज्यं सुरुवातीला कशासाठी लढली आणि दक्षिणेची कशासाठी फुटली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फॉरवर्डवाला पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतो, हीच सगळी हातचलाखी.

आणि "आपल्याला काय करायचंय"? काका, राजाबाई टॉवरखालून आयुष्यभर गेलात तुम्ही. तो बांधायला ज्या प्रेमचंद रायचंदने आईच्या नावाने दोन लाख दिले, तो याच युद्धात कापसाच्या व्यापारातून आणि शेअरच्या खेळातून गब्बर झाला होता. दक्षिणेची बंदरं उत्तरेने रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका झाला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घ्यायला लागले. १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळा फुगा फुटला, घरंदाज माणसं रस्त्यावर आली.

पुण्यात बसून हे युद्ध नीट समजलेला एक माणूस होता. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवलं त्यांना अर्पण करून. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, ना व्हॉट्सॲप ना काही, तरी युद्ध कशावरून झालं यात त्यांचा गोंधळ झाला नाही.

तर काका, पुढच्या उन्हाळ्यात येताय असं काकू म्हणत होत्या. या. तिकीट माझ्याकडून. आधी ट्रेडेगार बघू, मग गाडीने क्ले स्ट्रीटवर डेव्हिसच्या बंगल्याला जाऊ, चालायला लांब पडतं आणि ऊन फार असतं. हा करड्या रंगाचा बंगला आता चहूबाजूंनी हॉस्पिटलच्या उंच इमारतींत अडकलाय, पटकन सापडत नाही. डेव्हिस २ एप्रिलच्या रात्री पळाला आणि ४ तारखेला लिंकन आपल्या धाकट्या मुलाचा, टॅडचा, हात धरून रिचमंडच्या रस्त्यावरून या घरापर्यंत आला, त्या दिवशी टॅडचा बारावा वाढदिवस होता. आत जाऊन डेव्हिसच्या खोलीत बसला आणि प्यायला पाणी मागितलं. ती खोली दाखवतात.