थ्री नॉट थ्री: परवाना माणसाचा, नळी कोण बघणार?

महाराष्ट्रात थ्री नॉट थ्रीचा विषय निघाला की गाडी हमखास सीएसटीवर येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एके-४७ समोर काही पोलिसांच्या हातात ही दर गोळीला बोल्ट (नळीमागचा सरकता पोलादी तुकडा) ओढून झाडायची रायफल होती. तेव्हापासून ती आपल्याकडे लाजेची वस्तू झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये तिला निरोप दिला तेव्हा ‘एकदाची गेली’ असाच सूर होता. इथे अमेरिकेत मात्र तीच रायफल, तीही कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्याचा शिक्का असलेली, शौकिनांच्या कपाटात मानानं उभी असते.

आपल्याकडची दुसरी चर्चा परवान्याची. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. निवडणूक लागली की कोकणातल्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि रानडुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत. तक्रार रास्त आहे. पण या सगळ्या वादात बोललं जातं ते बंदूक कोणाच्या हातात असावी यावर. ती बंदूक धड आहे का, हा प्रश्न कोणी काढत नाही. अमेरिकेतही तेच. दुकानदार तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो, पण सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या नळीची तपासणी कायदा कोणाकडूनच करून घेत नाही. ब्रिटनमध्ये लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुकांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचा, वैध शिक्का नसलेली बंदूक विकणं गुन्हा आहे. उचलायचीच असेल तर ही रीत दोन्ही देशांनी उचलावी.

अशी रायफल इथे घ्यायची तर आधी कागद, कारण आपली बरीच मंडळी इथेच अडकतात. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्यानं बंदूक घेणंच काय, बाळगणंही बंद. मोठा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना. तो नसताना रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी तो ‘ताबा’ धरला जाऊ शकतो. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. खरेदीच्या वेळी फॉर्म ४४७३ भरावा लागतो. त्यात खोटं लिहिणं किंवा मित्रानं स्वतःच्या नावावर घेऊन तुम्हाला देणं, दोन्ही गंभीर गुन्हे. राज्यांचे नियम वेगळे: न्यू जर्सीत आधी बंदूक खरेदीचं ओळखपत्र काढा, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र), कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबा. जुन्या शस्त्रांचा संग्रह करायचा असेल तर ५० वर्षांवरच्या बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांसाठी ३० डॉलर.

आता रायफल. ईशापूरच्या दोन जाती बाजारात दिसतात: .३०३ इंची, म्हणजेच थ्री नॉट थ्री, काडतुसाची नंबर वन मार्क थ्री आणि ७.६२ मिलिमीटरची टू-ए किंवा टू-ए-वन. ‘टू-ए म्हणजे .३०३ चीच नळी बदललेली, फुटेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं ती नव्यानं, अधिक कणखर पोलादात बनवली. ओळख सोपी: मॅगझिन चौकोनी. मागच्या साईटवरचे अंतराचे आकडे टू-एवर २००० मीटरपर्यंत, टू-ए-वनवर ८०० मीटरपर्यंत. तरी शिकारीची जड, जोरदार काडतुसं तिला देऊ नयेत. १४७ ग्रेन (गोळीचं वजन) लष्करी धाटणीच्या दारूगोळ्यावर राहावं.

हातात आली की पहिलं काम मॅगझिन काढणं आणि बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यानं आणि बोटानं खात्री करणं. मग बोल्ट पूर्ण मागे घ्या, त्याचं डोकं वर उचलून पट्टीतून सोडवा आणि बोल्ट बाहेर काढा. विक्रेता हे करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट सरकतो त्या पोलादी सांगाड्यावरचा, नंबर एकच हवा. नळी, पुढची टोपी, साईटची पट्टी यांवरचे नंबर जुळले तर किंमत चढते, पण बोल्टचा नंबर जुळणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हौसेचा नव्हे. कुठेही ‘डीपी’ (ड्रिल पर्पज) ही अक्षरं किंवा दस्त्यावर रंगाचे पट्टे दिसले तर ती कवायतीची बंदूक. झाडण्यासाठी ती घेऊच नका, विक्रेता काहीही म्हणो.

नळीत दिवा धरून मागून बघा. .३०३ ला साधारणपणे पाच खाचा, डावीकडे वळणाऱ्या. खाचांच्या कडा धारदार असतील आणि पृष्ठभाग थोडा धुरकट असेल तर चालतं. खड्डे पडले असतील तर भाव पाडा. पण एका जागी काळी अंगठी दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे, बहुधा आत काही अडकलेलं असताना कोणीतरी गोळी झाडलेली. अशी नळी फुकटही नको. मग तोंडाशी सुटी .३०३ गोळी लावून बघा: ती जवळजवळ अख्खी आत बुडाली तर तोंड झिजलंय आणि निशाण्याची आशा सोडा.

त्यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं डोकं आणि काडतुसाच्या बुडाची बैठक यांतलं अंतर. .३०३ मध्ये ते काडतुसाच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर मोजतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर (काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ वर होता कामा नये. दुसऱ्यावरही झाला तर काडतुसाची पुंगळी बुडाशी ताणते आणि कधीतरी तुटून तापलेला वायू डोळ्यांकडे येतो. झाडलेल्या पुंगळीवर कडेच्या जरा वर चकाकती रेघ दिसते, तीच पहिली सूचना. ७.६२ ला ७.६२ चेच गेज लागतात, .३०३ चे चालत नाहीत. गेज नसतील तर गनस्मिथकडे न्या. ते पैसे वाचवू नयेत.

लाकडाकडे लोक पॉलिश बघतात. बघायचं असतं ते पुढच्या लाकडाचं मागचं टोक, जिथे पोलादाचा मागचा धक्का लाकडावर बसतो. लाकूड आकसलं, तेल पिऊन मऊ झालं की तिथे तडा जातो आणि गोळ्या विखुरतात. मॅगझिनच्या पुढे आडवा स्क्रू दिसला तर घाबरू नका. लाकूड टिकावं म्हणून ईशापूरनंच तो बसवला, तो दोष नव्हे, ओळख. आणि घरी नेल्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक: दस्ता आधी काढणं. दस्त्याच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तो फिरवला की चांगलं लाकूड टर्रकन फाटतं. आधी पुढचं लाकूड, मगच दस्ता. जुनं साठवणीचं ग्रीस मिनरल स्पिरिटनं काढा आणि लाकडाला जवसाचं तेल हातानं चोळा. व्हार्निश मारलेली रायफल मला तरी बघवत नाही.

दारूगोळ्यात आपलं गाव निघतं. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ म्हणजे किरकी, आपली खडकी, १८६९ पासूनचा कारखाना. ‘ओएफव्ही’ म्हणजे भुसावळजवळचं वरणगाव. अभिमान वाटून घ्या, पण काडतुसं जपून घ्या. जुन्या केएफ .३०३ ची इथल्या रेंजवर ख्याती बरी नाही: चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडणारी काडतुसं. असं झालं तर नळी निशाण्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. त्यातल्या जुन्या कॅपमुळे (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नळीत मीठ साचतं आणि मीठ तेलानं निघत नाही. त्याच दिवशी उकळतं पाणी ओता, सुकवा, मग तेल. .३०३ भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसवा, नाहीतर दोन कडा एकमेकींत अडकून मॅगझिन रुसतं.

ही रायफल भारतात नेण्याचा विचार कोणी करू नये. .३०३ तिकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून तर ईशापूर नागरिकांसाठी .३१५ बनवतं. पण धोका रायफलीचा कमी आणि बॅगेचा जास्त. खिशाच्या शिवणीत राहिलेलं एखादं जिवंत काडतूस मुंबई विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि ‘चुकून राहिलं’ हे वकिलामार्फत सांगावं लागतं. रेंजला नेलेली बॅग आणि जॅकेट घरी जाताना वापरूच नका.